बिल्ला क्रमांक सात

माकडाच्या कानातून रक्ताचा थेंब काढायला फारसे कौशल्य लागत नाही. एकाने जनावराचे दोन्ही हात पाठीमागे आवळून मान धरायची. दुसऱ्याने कानाची कड सुईने टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि दुसऱ्या काचेने ओढून पसरायचा. पहिला आठवडा हात थरथरतो. पुढे थरथरत नाही. मी हे काम दीड वर्ष केले. त्याचा जो थकवा तेव्हा अंगात शिरला तो पुढे चाळीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या रिकामपणातही पुरता गेला नाही.

लढाईची वर्षे होती. सेलूला बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या मागे कापसाची पत्र्याची वखार होती. ती हैदराबादच्या सरकारने ताब्यात घेऊन तिथे हिवतापाच्या तपासाचे काम सुरू केले होते. कारण साधे होते. हिवतापावर कोयनेल म्हणजे क्विनाइनखेरीज औषध नव्हते, कोयनेल जावाहून येत असे आणि जावा जपानच्या हाती गेले होते. पूर्वी पटवाऱ्याकडे, शाळामास्तरांकडे कोयनेलच्या गोळ्या मिळत. आता तालुक्याच्या दवाखान्यातही मोजक्या लोकांना मिळत. इकडे पाऊस सरला की दुधना नदीच्या काठची गावेच्या गावे अंथरुणाला खिळत. ज्वारीची राखण करायलाही माणूस उभा राहत नसे.

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. विलायतेत शिकलेले, मध्यम वयाचे, शब्दाला पक्के. त्यांचा विचार असा, की आपल्या मुलखात कोयनेलच्या जागी चालेल असे काही सापडते का ते पाहावे. गजग्याच्या बिया, म्हणजे मुली ज्या सागरगोट्यांनी खेळतात त्यांच्यातला गर, म्हातारीकोतारी माणसे तापात देत. साहेबांनी तो निवडला. माणसावर प्रयोग करायला त्यांचे मन घेईना. म्हणून माकडे. माकडांचा हिवताप हा माणसाच्या हिवतापाचा भाऊबंद. रोगी रक्त हैदराबादहून बर्फात ठेवून गाडीने येई. ते लहान माकडांना टोचले की चार-पाच दिवसांत ताप चढे आणि नऊ-दहा दिवसांत जनावर मरे. निम्म्यांना टोचल्यानंतर गजग्याची भुकटी गुळात कालवून द्यायची, निम्म्यांना काहीच द्यायचे नाही. मग कोण जगते ते पाहायचे.

कोणीच जगत नव्हते. दोन खेपा झाल्या होत्या. भुकटी खाल्लेली आणि न खाल्लेली एकाच मापाने मेली.

माझे काम रक्त काढणे, काचा रंगवणे, सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली जंतू पाहणे आणि रजिस्टर लिहिणे. रजिस्टर उर्दूत असे. माझी शाळा उर्दूतली, म्हणून ही नोकरी मिळाली होती, आणि ती कच्ची होती. काम पुढे चालले तर तुझे नाव कायम नोकरीसाठी लिहीन, असे साहेब एकदा म्हणाले होते. घरी आई आणि दोन लहान बहिणी होत्या. अधिक सांगण्याची गरज नाही.

माकडे सांभाळायला एक धनगर होता. साठीच्या आसपासचा, देवगाव फाट्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. रोगाने त्याची मेंढरे एका हंगामात गेली, तेव्हापासून तो मजुरी करी. त्याला सगळे मामा म्हणत, मीही म्हणे. जनावर धरण्यात त्याचा हात असा होता, की माकड त्याच्या मांडीवर आले की ओरडायचे थांबे. प्रत्येक माकडाच्या गळ्यात साखळीला क्रमांकाचा पितळी बिल्ला असे. पहिल्याच दिवशी मामाने तो बोटांत फिरवून पाहिला.

"भाऊ, ह्ये कशाला? माकडाला तोंड न्हाई का?"

"साहेबांना तोंडे ओळखू येत नाहीत, मामा."

"मग साहेबाच्याच गळ्यात बांधा की."

तो वाचू शकत नव्हता. पण कोणता आकडा कोणाचा हे त्याने दोन दिवसांत पाठ केले. मेलेले माकड तो वखारीमागे कडुलिंबाखाली पुरी आणि वर एक दगड ठेवी. तसे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते आणि करू नको असेही कोणी म्हटले नव्हते. खेप संपली की ते दगड उचलून बाजूला रचून टाकी आणि पुढच्या खेपेला तेच वापरी.

तिसऱ्या खेपेला सहा माकडे होती. बिल्ले जुनेच फिरवून घातलेले, या वेळी क्रमांक चार ते नऊ. पाच, सात आणि नऊ यांना भुकटी. टोचल्यानंतर पाचव्या दिवशी सहाही जणांच्या रक्तात जंतू दिसले, तसे मी लिहिले, आणि त्याच दुपारी मला स्वतःला हिव भरले.

साहेब दौऱ्यावर निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी मला तपासले, डब्यातून गोळ्या काढून दिल्या आणि गेले. सरकारी नोकर म्हणून कोयनेलवर माझा हक्क होता. मामाला मी अंथरुणावरूनच सांगितले, "भुकटी वेळेवर द्या. मेलेले पुरून टाका. आणि काही झाले तरी बिल्ले हरवू देऊ नका." तो "व्हय" म्हणाला. मेलेल्याचा बिल्ला पुन्हा कोणाला घालायचा नसतो, तो खेप संपेपर्यंत खणात ठेवायचा असतो, हे मी सांगितले नाही. मला ते इतके उघड वाटत होते, की सांगण्याजोगे वाटलेच नाही. आजवर ते मी स्वतः करीत आलो होतो.

माझ्या तापाच्या नवव्या दिवशी मी भिंत धरत वखारीत आलो. मामा नव्हता. घरून सांगावा आला, बायको पडली, म्हणून तो त्याच सकाळी निघून गेल्याचे पाणी भरणाऱ्या बाईने सांगितले. खिळ्याला पाच बिल्ले टांगलेले होते. पिंजऱ्यात एक माकड बसून हरभरे सोलत होते. त्याच्या गळ्यात सात क्रमांक होता.

मी रक्त काढले. काच रंगवली. दुर्बिणीखाली बराच वेळ पाहिले. एकही जंतू नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब परतले. त्यांनी स्वतः काच पाहिली, नवी काढायला लावली, तीही पाहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग खुर्ची मागे सरकवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "मियाँ, ये बंदर नहीं, सनद है!" मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही इतके मोकळे हसताना पाहिले नाही. त्यांनी चहा मागवला आणि मला समोर बसवून पाजला.

पुढचे दोन दिवस वखारीत लगीनघाई होती. चार बाया गजगे फोडून कुटत होत्या, कागदाच्या पुड्या बांधत होत्या. पटवाऱ्यांना निरोप गेले होते, की पुड्या येत आहेत, लोकांना सांगून ठेवा. साहेबांनी हैदराबादला पाठवायचा अहवाल लिहून काढला. परभणीच्या सदर दवाखान्याने आमच्या डब्यातले कोयनेल परत मागितले होते. साहेब इतके दिवस ते देत नव्हते, आता आपल्याला त्याची गरज नाही म्हणाले. अहवाल आणि डबा दोन्ही गुरुवारच्या गाडीने जायचे ठरले. अहवालाच्या शेवटी माझ्या नावाची शिफारस होती. ती मी वाचली, कारण नक्कल मीच केली होती.

बुधवारी दुपारी मामा बैलगाडीत बायकोला घालून घेऊन आला. म्हातारी घोंगडीत गुंडाळलेली, डोळे पिवळे, ओठ फुटलेले. साहेबांनी गाडीतच तिला तपासले. पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बरगडीखाली हाताला लागत होती. त्यांनी आतून पाच पुड्या आणवल्या आणि माझ्या हाती दिल्या. "पहिली रोगी आपल्याच घरची," असे काहीसे बोलले आणि अहवालावर सही करायला आत गेले. ते मनापासून देत होते, हे इथे नोंदवले पाहिजे.

मी पुड्या पुढे केल्या. मामाने हात पुढे केला नाही.

"ह्ये नगं, भाऊ."

"का?"

"ह्येनं गुण येत न्हाई. सातवा ह्येच खाऊन मेला की."

"सातवा जिवंत आहे, मामा. आत बसला आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले. ताप माझ्या डोक्यात गेला की काय, असे ते पाहणे होते.

"त्यो सातवा व्हय? त्यो तर गंगेपल्याडचा." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. "तुमी पडला व्हता तवा माकडं धरून आणणाऱ्यांनी चार आणतो म्हणून एकच आणून दिलं. त्याच दिवशी सातवा गेला. बिल्ला मोकळा झाला, घातला ह्याच्या गळ्यात."

"का घातला?"

"मग काय भुईवर ठिवू? तुमीच म्हणला हरवू नका." मग, लेकराला सांगावे तसे त्याने सांगितले. "म्होरक्या मेंढा मेला तर त्याच्या गळ्यातली वाजती घाटी दिस बुडायच्या आत दुसऱ्याच्या गळ्यात घालत्यात. रिकामी घाटी टांगून ठिवली तर कळप बसतो."

"मग बाकीचे पाच बिल्ले का टांगून ठेवलेत?"

"त्येंला गळे कुठं व्हते, भाऊ?"

 तोच पुन्हा म्हणाला, "तोंड बघितलं न्हाई का तुमी? सातव्याच्या भिवईवर डाग व्हता. ह्याला कुठं हाय?"

मी तीन दिवस त्या माकडाचा कान हातात धरत होतो. तोंड पाहिले नव्हते. या कामात मी कान आणि आकडा यांखेरीज काही पाहायचे सोडून दिले होते. त्या दिवशी ते मला दुसऱ्याकडून कळले.

डब्याची किल्ली माझ्या कमरेला होती. म्हातारीला चार दिवसांच्या गोळ्या गुपचूप काढून द्याव्यात, पुड्या परत खोक्यात टाकाव्यात आणि काही बोलू नये, हा मार्ग माझ्यासमोर सरळ उभा होता. ती वाचली असती. अहवाल गेला असता. माझी नोकरी पक्की झाली असती. आणि दुधनेकाठची माणसे कोयनेल मागायचे सोडून गजगे खात बसली असती. हे सगळे मी गाडीच्या चाकाला टेकून उभा राहून, नीट विचार करून, पाहिले.  मग आत गेलो.

साहेबांनी ऐकून घेतले. सही करून टाक खाली ठेवला.

"बुड्ढा चालाक है," ते म्हणाले. "कोयनेल होना बोलके बात बना रहा." कोयनेल हवे म्हणून थाप मारतो, असा अर्थ. मग मराठीत, तुटक, "तुम्ही नोंद केली. सात, जिवंत. तुमचे अक्षर आहे."

"माझी नोंद चुकली, साहेब. मी त्या आठ दिवसांत इथे नव्हतो."

"सबूत?"

मी त्यांना वखारीमागे नेले. लिंबाखाली ओळीने दगड होते. सहा माकडे होती, एक जिवंत असेल तर दगड पाच हवेत. दगड सहा होते. मी त्या दगडांवरून पाच दिवस ये-जा केली होती.

"पत्थर कोई भी रख देता," साहेब म्हणाले. "उकरा."

मामाला मी कुदळ दिली. त्याने ती घेतली नाही. "पुरलेलं उकरायचं काम आमचं न्हाई," तो म्हणाला आणि गाडीजवळ जाऊन बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा मीच खणायला लागलो. तापातून उठलेल्या माणसाला ते झेपणारे नव्हते, पण दुसरे कोणी नव्हते. पहिल्या खड्ड्यातले सापडले. दुसऱ्यातले सापडले. साहेब तोंडावर रुमाल धरून उभे होते आणि प्रत्येकाला बोट वर करून मोजत होते.

गाडीतून म्हातारीचा आवाज आला. "कुणासाठी खड्डा काढायलेत वो? माझ्यासाठी असंल तर जरा रुंद काढा म्हणावं. पाय दुमडून मला झोप लागत न्हाई."

"गप पड," मामा म्हणाला. "तुझं न्हाई. तुझ्यासाठी सरकार कुदळ झिजविणार हाय व्हय?"

सहाव्या खड्ड्यात सहावे होते. कुजून काळे पडलेले. भिवईवर डाग होता की नाही, ते आता पाहता येण्यासारखे नव्हते. पण मोजणी पुरी झाली होती.

साहेब वखारीत परत आले, अहवालाचे कागद उचलले आणि खणात ठेवून खण बंद केला. फाडले नाहीत. मग माझ्याकडून किल्ली घेतली, डबा उघडला आणि गोळ्या स्वतः मोजून गाडीपाशी नेल्या. म्हातारीला पहिली गोळी त्यांनी आपल्या हाताने, आपल्या पेल्यातल्या पाण्याने दिली. त्या काळात, त्या हुद्द्याच्या माणसाने, हे मी पाहिले आहे. परत आल्यावर रजिस्टर पुढे ओढून म्हणाले, "लिखो." मी सात क्रमांकापुढची नोंद खोडली, खरी लिहिली, त्यांनी सही केली. माझ्या नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

मामाने उरलेल्या गोळ्या उपरण्याच्या टोकाला बांधल्या. मी त्याला सोमवारी कामावर यायला सांगितले.

"न्हाई, भाऊ. आता न्हाई."

"का?"

"माझ्या बोलण्यावर कुदळ घातली तुमी."

"खात्री करणे भाग होते, मामा."

"व्हय. तुमचं बराबर असंल." त्याने गाडीवर चढून कासरा धरला. "पर माकडाचं तोंड बघितलं न्हाई, ते न्हाई. माणसाचं तर बघायचं व्हतं. खोटं बोलायलाय का खरं, त्ये तोंडावरच असतं की."

तो गेला. म्हातारी उठली, असे पुढे बाजारात कोणीतरी सांगितले. मी विचारायला गेलो नाही. त्याच्या शब्दावर माझा विश्वास बसला होता, कुदळ मी साहेबांसाठी मारली होती, हे त्याला सांगता आले असते. सांगितले नाही. सांगून त्याला ते पटले असते असेही मला वाटत नाही, कारण कुदळ माझ्याच हातात होती.

त्या गंगेपल्याडच्या माकडाला चौथ्या खेपेस नवा क्रमांक मिळाला. ते नवव्या दिवशी मेले. त्यालाही भुकटी दिली होती.

गुरुवारच्या गाडीने कोयनेलचा डबा ठरल्याप्रमाणे परभणीला गेला. सदर दवाखान्याचा हुकूम होता, आपल्याला गरज नाही असे साहेबांनी आधीच कळवून टाकले होते आणि आता तो अडवायला त्यांच्यापाशी कारण नव्हते. पुड्यांची खोकी वखारीत राहिली. मात्र पटवाऱ्यांना गेलेले निरोप परत घेता येत नव्हते, आणि शुक्रवारपासून माणसे येऊ लागली. चालत, गाड्यांतून, एकमेकांच्या आधाराने. साहेब त्यांच्यासमोर आले नाहीत. दारात मी उभा राहिलो.

पहिला आला तो दोन-चार एकरांचा शेतकरी असावा. डोक्याला ओले फडके गुंडाळलेले, दात वाजत होते.

"पुडी द्या, भाऊ. पटवारी म्हणला, इथं मिळती."

"मिळत नाही. तिचा गुण येत नाही."

"आत तर हायती की," त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिले. "त्या काय मग?"

"त्याच. गुण येत नाही."

"कडू हाय का पर?"

"कडू आहे."

"मग द्या की. कडू हाय म्हणजे काहीतरी करंलच."

"नाही करत."

"बरं, मग दुसरं काय हाय?"

दुसरे काही नव्हते. मी तसे सांगितले. तो निघून जाईल असे मला वाटले, पण तो पायरीवर बसला आणि हुडहुडी ओसरेपर्यंत गुडघ्यात डोके घालून बसून राहिला. त्याच्यामागे आणखी चौघे उभे होते आणि फाटकातून एक गाडी आत येत होती. मी पुढच्याला तेच सांगितले.